टेकऑफला विमान सारखं डावीकडे ओढतंय? आधी पंखा (प्रोपेलर) तपासा, मग जॉयस्टिक

फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या ‘सिम’मध्ये, विमान उडवणाऱ्यांची ही तक्रार ओळखीची आहे. विमान मध्यरेषेवर उभं, थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे. वीस-तीस नॉटपर्यंत सगळं सुरळीत, आणि मग नाक हळूच डावीकडे सरकायला लागतं. उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) दिला की विमान उजवीकडे झेपावतं, सोडला की दुप्पट जोराने डावीकडे येतं, आणि तिसऱ्या हेलकाव्याला चाकं गवतात. मग सेटिंगमध्ये शिरून थोडी खुडबुड करायची, डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल न मोजणारा पट्टा) वाढवायचा, कॅलिब्रेशन (मध्य आणि टोकं नव्याने ठरवणं) करायचं. काही दिवस बरं चालतं. पुढे नवं अपडेट येतं किंवा नवं विमान घेतलं जातं, आणि पहिले पाढे पंचावन्न.

हे दुखणं परत परत येतं, कारण तो एकच बिघाड नसतो. तीन-चार वेगवेगळी कारणं अगदी सारखंच लक्षण दाखवतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण तर बिघाडच नाही. खरं विमानही डावीकडेच ओढतं. त्यामुळे ‘उपाय’ म्हणून जे केलं जातं त्यात पुष्कळदा सिमने मेहनतीने उभं केलेलं वास्तव बंद केलं जातं, आणि खरा बिघाड तसाच राहतो.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी थोडी चाचपणी करा.

सिममधला वारा शून्यावर आणा. प्रत्यक्ष हवामान चालू असेल तर ते बंद करून स्वच्छ, निवांत हवा निवडा. इंजिन बंद ठेवून विमान बाहेरून बघा: रडर सरळ आहे का? हात-पाय कशालाही लावू नका. तो एका बाजूला कललेला दिसला, किंवा मधूनच थरथरत असेल, तर दोष हार्डवेअरमध्ये किंवा बाइंडिंगमध्ये (उपकरणाचा कोणता अक्ष विमानाचं काय हलवतो त्या नेमणुकीत) आहे. रडर सरळ असेल तर त्याच धावपट्टीवर दोन इंजिनांचं जेट आणा आणि दोन्ही इंजिनांचे एन-१ आकडे (फिरण्याच्या वेगाची टक्केवारी) जुळवून पळवा. जेटला पंख्याचा ओढा नसतो. जेट नाकासमोर सरळ गेलं आणि पंख्याची सेसना मात्र डावीकडे गेली, तर तुमची जॉयस्टिक ठणठणीत आहे. जेटही ओढलं गेलं, तर पंख्याबद्दलचा भाग सोडून थेट खाली ट्विस्टच्या (स्टिकची मूठ पिळून रडर देण्याच्या) भागाकडे जा.

शेवटची चाचणी माझ्या खास आवडीची आहे: उलट फिरणारा पंखा. कॉकपिटमधून बघताना बहुतेक अमेरिकन इंजिनं पंखा घड्याळाच्या दिशेने फिरवतात, म्हणून ती विमानं डावीकडे वळतात. याक-५२ चा पंखा उलटा फिरतो. टायगर मॉथचंही तेच. स्पिटफायर तर दोन्ही बाजूंनी साक्ष देते: मर्लिन इंजिनाची स्पिटफायर डावीकडे ओढते आणि ग्रिफन इंजिनाची उजवीकडे. तुमच्या सिममध्ये यातलं एखादं विमान असेल तर ते पळवून बघा. ते उजवीकडे गेलं तर सिम बरोबर आहे. तेही डावीकडेच गेलं, तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही, टेबलावरचा जॉयस्टिकचा डबा उघडावा लागणार.

पंख्याचा ओढा कुठून येतो

या भागावर थोडं रेंगाळते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. ओढ्याची चार कारणं आहेत, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

सुरुवातीला, वेग कमी आणि ताकद पूर्ण असताना, सगळ्यात जास्त जाणवतो तो पंख्यामागचा पिळलेला झोत. ही हवा धडाभोवती गोल फिरत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डाव्या बाजूने आदळते. शेपूट उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे येतं. वेग वाढला की हा पीळ लांबट होतो आणि रडरलाही जोर येतो, म्हणून ओढा कमी झाल्यासारखा वाटतो. दुसरं कारण टॉर्क. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं, तेव्हा विमान स्वतः डावीकडे कलू पाहतं. जमिनीवर कलायला जागा नसते, म्हणून डाव्या चाकावर भार वाढतो आणि ते चाक किंचित जास्त अडतं.

तिसरा पी-फॅक्टर. नाक वर असताना पंख्याची चकती हवेला तिरकी असते आणि खाली येणारं पातं, म्हणजे उजवीकडचं, हवेला जास्त कोनात कापतं. उजव्या बाजूला ओढ जास्त, नाक डावीकडे. सेसना १७२ सारख्या नाकाखाली चाक असलेल्या विमानाची चकती जमिनीवर जवळजवळ उभीच असते, त्यामुळे तिथे याचा त्रास नगण्य. तो येतो नाक उचलल्यावर, चढाईत. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात मात्र पहिल्या मीटरपासून हजर. चौथा परिणाम जायरोचा. फिरत्या चकतीला तुम्ही जिथे ढकलता, त्याचा परिणाम फिरण्याच्या दिशेने नव्वद अंश पुढे दिसतो. शेपूट उचलण्यासाठी स्टिक पुढे केली की नाक खाली जाता जाता डावीकडेही झटका मारतं. ‘सगळं नीट चाललं होतं आणि शेपूट उचलल्याबरोबर विमान गेलं’ अशी तक्रार असेल, तर कारण बहुतेक हेच.

मायक्रोसॉफ्टच्या एफएस २००४ आणि एफएसएक्स या जुन्या सिममध्ये रिअॅलिझमच्या पानावर पी-फॅक्टर, टॉर्क आणि जायरो यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या होत्या. निदानासाठी इतकी सोयीची गोष्ट नंतर क्वचितच मिळाली. एकेक पट्टी शून्यावर आणायची आणि विमान पळवायचं, की कोणता राक्षस कुठे बसलाय ते दिसायचं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये असं नाही. तिथे पात्याचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावरचं बल मोजलं जातं, आणि ओढा त्या हिशेबातूनच येतो. तो बंद करायचं बटण शोधत बसू नका.

मग करायचं काय? सेसनामध्ये थ्रॉटल एकदम न ढकलता चार-पाच सेकंद घेऊन पुढे न्या आणि उजवं पेडल आधीपासूनच जरासं दाबून ठेवा. नाक सरकल्यावर पाय घालू नका, सरकणार हे माहीत असताना घाला. ५५ नॉटच्या आसपास नाक उचललं की उजवा पाय थोडा आणखी लागतो. चढाईत खालच्या काचेतला, विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा चेंडू उजवीकडे गेला तर उजवं पेडल: चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय.

पी-५१ मस्टँगबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण याच विमानावर सगळ्यात जास्त लोक हात टेकतात. रडर ट्रिम (रडर आपोआप एका बाजूला धरून ठेवणारी सोय) ६ अंश उजवीकडे, हे टेकऑफआधीच. दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: याचं शेपटीचं चाक स्टिकला जोडलेलं आहे. स्टिक मागे ओढलेली असताना चाक कुलूपबंद राहतं आणि रडरबरोबर दोन्ही बाजूंना फक्त ६ अंश वळतं. स्टिक पूर्ण पुढे केली की कुलूप सुटतं आणि चाक मोकाट फिरतं. आता चित्र बघा. नवशिका थ्रॉटल पूर्ण देतो, शेपूट लवकर उचलायची म्हणून स्टिक पुढे ढकलतो, रडरला अजून जोर आलेला नाही, चाक सुटलेलं, वरून जायरोचा झटका. ६१ इंच मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे टेकऑफची पूर्ण ताकद, पंख्यावर असताना यापुढे कोणतंही पेडल वाचवत नाही. स्टिक मागे धरून ठेवा, थ्रॉटल हळू न्या, रडर चावायला लागल्यावर स्टिक सैल करा, शेपूट आपण होऊन उठते. एमई १०९ च्या उत्तरकाळातल्या प्रकारांमध्ये शेपटीच्या चाकाच्या कुलपाला वेगळा खटका आहे. तो लावायचा राहिला की बाकी सगळं बरोबर करूनही फायदा नाही.

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये या जुन्या विमानांसाठी ऑटो रडर (रडर आपोआप देणारी सोय) आणि टेकऑफ मदतीची पट्टी असते. शिकताना ती वापरण्यात काही कमीपणा नाही. पण एक लक्षात ठेवा: मदत चालू असताना तुम्ही पूर्ण रडर देऊ लागलात, तर सिम आणि तुम्ही एकमेकांशी कुस्ती खेळता आणि नागमोडी धाव त्यातूनही येते. एक तर मदत पूर्ण स्वीकारा, नाहीतर ती शून्यावर न्या. जुन्या सिममधल्या ऑटो रडरचंही तसंच. तिथे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) आणि रडर एकत्र बांधलेले असतात. वेगळी पेडल असताना तो चालू ठेवायचं कारण उरत नाही.

ट्विस्ट, पेडल आणि घासलेला ट्रॅक

जेटही ओढलं जात असेल तर आता हार्डवेअर. विंडोजच्या शोधपट्टीत ‘यूएसबी गेम कंट्रोलर’ शोधा, तुमचं उपकरण निवडा आणि चाचणीचं पान उघडा. कॅलिब्रेशनचं बटण लगेच दाबू नका, हीच ती सवय जी दुखणं लपवते. आधी फक्त बघा.

रडरचा अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या. पट्टी गुळगुळीत सरकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती मागे उडी मारत असेल, आणि ते ठिकाण बहुधा मध्याजवळच असतं कारण झीज तिथेच जास्त, तर पोटेन्शिओमीटरचा (अक्षाची जागा मोजणाऱ्या फिरत्या रेझिस्टरचा) कार्बनचा ट्रॅक घासला आहे किंवा त्यावर धूळ बसली आहे. मग दुसरी तपासणी. अक्ष डावीकडे नेऊन सोडा, कुठे थांबतो ते बघा. उजवीकडे नेऊन सोडा. दोन्ही वेळा एकाच जागी यायला हवा. डावीकडून सोडल्यावर एका जागी आणि उजवीकडून सोडल्यावर दुसऱ्या जागी थांबत असेल, तर दोष सेन्सरचा नाही, स्प्रिंगचा किंवा घर्षणाचा आहे. अशा वेळी कॅलिब्रेशन शंभरदा केलं तरी निष्फळ, कारण त्या उपकरणाला मध्यच दोन आहेत.

दहा बिटांच्या कंट्रोलरमध्ये पूर्ण प्रवासाच्या १०२४ पायऱ्या असतात. तीन-चार पायऱ्यांची थरथर म्हणजे अर्धा टक्काही नाही, ती सोडून द्या. चाळीस-पन्नास पायऱ्यांची उडी दिसली तर ती धावपट्टीवर पायाच्या झटक्यासारखी जाणवते. मोजूनच डेडझोन ठरवा. रडरला मी दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. दहा-बारा टक्के डेडझोन ठेवून विमान ‘शांत’ झाल्याचा आनंद फार टिकत नाही, कारण टेकऑफला ज्या बारीक दुरुस्त्या लागतात त्या सगळ्या त्याच मेलेल्या पट्ट्यात पडतात. मग तुम्ही पाय वाढवता, पट्टा ओलांडला जातो, दुरुस्ती उशिरा आणि जास्त होते. वर वर्णन केलेले हेलकावे असे जन्माला येतात. रडरच्या वक्ररेषेबद्दलही (पाय किती हलला की रडर किती हलतो ती सेटिंग) माझं मत तेच: मध्य फार मऊ केला की हात-पाय आळशी होतात. सरळ रेषेने सुरुवात करा.

ट्विस्ट असलेल्या जॉयस्टिकचा एक जादा घोळ आहे. नाक उचलायला मनगट मागे ओढताना मूठ नकळत पिळली जाते. उजव्या हाताच्या माणसाकडून ती बहुतेक एकाच दिशेला पिळली जाते, त्यामुळे प्रत्येक टेकऑफ तसाच बिघडतो आणि दोष विमानाचा वाटतो. चाचणीच्या पानावर स्टिक नुसती मागे-पुढे करून ट्विस्टची पट्टी हलते का ते बघा. हलत असेल तर इथे थोडा जास्त डेडझोन रास्त आहे. शिवाय बऱ्याच स्टिकमध्ये ट्विस्टचा सेन्सर आकाराने सगळ्यात लहान आणि राबणारा सगळ्यात जास्त, तोच आधी जातो.

जुन्या माणसांना यात नवं काही वाटणार नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या गेमपोर्टला चार अक्ष आणि चार बटणं होती, आणि जॉयस्टिकची जागा थेट मोजलीच जात नव्हती. पोटेन्शिओमीटरमधून एक कपॅसिटर किती वेळात भरतो ते प्रोग्रॅम मोजायचा. यंत्र तापलं की मध्य सरकायचा, म्हणून स्टिकच्या बुडाशी मध्य जुळवायला छोटी चाकं असत. प्रोग्रॅमर ब्रूस आर्टविकचं काम घेऊन १९८२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या फ्लाइट सिम्युलेटरपासून पुढे कित्येक वर्षं सुरुवात शिकागोच्या मेग्ज फील्डवरून व्हायची. सुमारे ३९०० फुटांची एकुलती एक धावपट्टी, उत्तरेकडे तोंड केलं की उजवीकडे तलाव आणि डावीकडे बंदराचं पाणी. मध्य सरकला तर गवत नव्हतं, थेट पाणीच. मार्च २००३ मध्ये रातोरात बुलडोझर लावून ती धावपट्टी खणून टाकली गेली. आजही कोणी तिचं सिनरी बसवून उडतं तेव्हा मला बरं वाटतं. असो, मुद्द्यावर येते.

सेन्सर घासला असेल तर: यूएसबी काढा, डबा उघडा, पोटेन्शिओमीटरच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा, दांडा टोकापासून टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवा, पूर्ण वाळू द्या. गंज काढायचं साधं तेलकट स्प्रे वापरू नका, ते धूळ धरून ठेवतं. क्लीनरने आराम पडतो, पण तात्पुरता. ट्रॅकच झिजला असेल तर भाग बदलावा लागतो. जुन्या भागावरचा आकडा वाचूनच नवा घ्या, सरळ चढाचा (लिनियर) घ्या, आणि दांड्याची लांबी मोजायला विसरू नका. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरला घासणं नसतं, पण चुंबक सैल झाला तर मध्य सरकतोच. तिथे आत स्क्रू किंवा गोंद तपासा.

थरथर सगळ्याच अक्षांवर एकाच वेळी येत असेल तर सेन्सर निर्दोष, वीजपुरवठा संशयित. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबवर पेडल, थ्रॉटल, स्टिक असं सगळं टांगलं की असं होतं. आणि उड्डाणाच्या मध्येच एखादं उपकरण गायब होऊन परत येत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

एका रडरला दोन धनी

दुखणं अपडेटनंतर परतलं असेल तर मला पहिला संशय दुहेरी बाइंडिंगचा येतो. सिम नवं उपकरण दिसलं की आपल्या मनाने अक्ष नेमून टाकतं. डीसीएस या बाबतीत प्रसिद्ध आहे: नवीन विमान उघडलं की जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला ते काही ना काही अक्ष देतं. पेडल तुम्ही नीट लावलेली असतात, पण स्टिकचा ट्विस्ट किंवा थ्रॉटलवरचा छोटा रॉकरही रडरवर बसलेला असतो. दोघं आळीपाळीने आकडा पाठवतात आणि रडर मधूनच झटके खातो. प्रत्येक विमानाच्या अक्षांच्या तक्त्यात रडरच्या ओळीत आडवं शेवटपर्यंत जा. नको ते पुसा. गेमपॅड जोडलेला असेल तर त्याच्याही रकान्यात डोकवा, तो सोफ्यावर पडून मुकाट्याने काम करत असतो.

मोठ्या जेटमध्ये टिलरची (जमिनीवर नाकाचं चाक वळवायच्या छोट्या मुठीची) भर. ए-३२० मध्ये पेडल नाकाचं चाक फक्त ६ अंश वळवतात, टिलर ७५ अंशांपर्यंत. टिलर आणि रडर एकाच ट्विस्टवर बसले असतील तर टेकऑफच्या वेगात विमान वेडंवाकडं का पळतं ते वेगळं सांगायला नको.

ब्रेक हा तिसरा धनी. पेडलच्या टोकांवरचे ब्रेक पुष्कळदा उलट्या दिशेने नेमले जातात, म्हणजे पाय उचललेला असताना पूर्ण ब्रेक. दोन्ही उलटे असले तर विमान हलतच नाही, लगेच कळतं. एकच पेडल पूर्ण शून्यावर येत नसेल तर मात्र चकवा बसतो: डावा ब्रेक पाच टक्के धरून ठेवतो आणि सगळं पंख्याच्या नावावर खपतं. ओळखायची खूण अशी: टॅक्सी करताना, कमी ताकदीवर, वारा नसताना विमान त्याच बाजूला जातं. पंख्याचा ओढा ताकदीबरोबर वाढतो, ब्रेकचा ओढा थ्रॉटल मागे घेतल्यावरही तसाच राहतो. ब्रेकच्या अक्षाला सुरुवातीच्या टोकाला डेडझोन द्या.

सगळं जुळलं की बाइंडिंगच्या फाइलींची प्रत काढून ठेवा. डीसीएसमध्ये त्या सेव्ह्ड गेम्सच्या फोल्डरमध्ये, कॉन्फिगखाली इनपुटमध्ये असतात. उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून त्यांना नाव मिळतं, त्यामुळे विंडोज नव्याने टाकल्यावर तो क्रमांक बदलला तर जुन्या फाइली असूनही सिमला दिसत नाहीत. नाव बदलून दिलं की परत चालतात.

आता प्रत्यक्ष हवामान पुन्हा चालू करा. डावीकडून वारा असेल तर शेपूट वाऱ्याने ढकलली जाऊन नाक डावीकडेच, वाऱ्याच्या तोंडाला, येणार आणि ते पंख्याच्या ओढ्यात मिळणार. उजवीकडचा वारा उलट मदत करतो. म्हणूनच एक दिवस विमान गुणी आणि दुसऱ्या दिवशी हट्टी वाटतं. एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला पूर्ण, वेग वाढेल तसा कमी करत. सेसना १७२ एस ने चाचणीत पेलून दाखवलेला आडवा वारा १५ नॉट आहे. त्यापलीकडे पाय कमी पडला तर सेटिंग शोधू नका, दुसरी धावपट्टी शोधा.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कोणाला विचारायचं झालं, तर ‘विमान डावीकडे जातं’ एवढंच लिहू नका. विमान कोणतं आणि पंखा कोणत्या दिशेने फिरतो, वारा किती आणि कुठून, ऑटो रडर चालू की बंद, हात न लावता रडरचा अक्ष किती आकडा दाखवतो, जेट सरळ जातं का, थ्रॉटल मागे घेतल्यावर ओढा राहतो का. एवढ्या सहा गोष्टी लिहिल्या तर उत्तर देणाऱ्याला अंदाजपंचे सल्ले द्यावे लागत नाहीत.